शेततळ्याच्या मातीची खोली

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईतल्या आर्किटेक्टच्या ऑफिसातली नोकरी सोडून मुरबाडला घरी परतले. मुंबईत मी बिल्डरांच्या इमारतींतल्या लॉब्यांसाठी संगमरवराचे तुकडे निवडत असे. माझं स्वतःचं असं पहिलं काम मिळालं ते धसईच्या पुढच्या एका पाड्यावर. तिथल्या बचत गटाच्या बायकांना बसायला एक खोली हवी होती.

"पत्रा नको, स्लॅब पायजे," गटाच्या अध्यक्षबाईंनी आधीच बजावलं. त्या उंच, खणखणीत आवाजाच्या आणि मजुरीच्या कामांवर मुकादमी केलेल्या.

मी म्हटलं, "भिंती मातीच्या, वर कौलं. शेजारी शेततळं खणलंय ना, त्याचीच माती. थोडं सिमेंट घालून यंत्रात दाबून विटा करायच्या. भाजायला लाकूड नको, उन्हाळ्यात खोली गार."

"एवढं शिकलीस आनि मातीच आनलीस गो?" बायका खो खो हसल्या.

विटा दाबायचं हातयंत्र मी जीपच्या टपावर बांधून आणलं. नमुन्याच्या विटा केल्या, बरेच दिवस पाणी मारून सुकवल्या आणि एक वीट सगळ्यांदेखत पाण्याच्या पिंपात सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर पिंपाभोवती अख्खा पाडा जमलेला. अध्यक्षबाईंनी कोपरापर्यंत हात घालून वीट काढली आणि खालच्या दगडावर दाणकन आपटली. विटेचा कोपरा तेवढा उडाला.

"नाय विरघळली!" त्या ओरडल्या. "चला गो, माती चाळायला!"

यंत्राचा दांडा जड. एकटीला दबेना, म्हणून दोघी-दोघी त्याला लोंबकळायच्या. पाय अधांतरी, पदर खोचलेले, नि बाकीच्या हसून बेजार. मीही लोंबकळले. भातकापणी आटोपल्यापासून होळीपर्यंत आमचं हेच चाललं होतं. मुंबईत मी कधी इतकी हसले नव्हते.

उद्घाटन ठेवलं ऐन वैशाखात, भर दुपारी. तालुक्याहून आलेले प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, आत मात्र गारवा. सारवलेल्या जमिनीवर बायका आधी भिंतीला टेकल्या, मग हळूहळू आडव्या झाल्या. भाषण रंगात आलं तेव्हा निम्मी सभा गाढ झोपली होती आणि अध्यक्षबाई चक्क घोरत होत्या. पाहुणे थांबले. मी मान खाली घातली.

त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि आवाज खाली आणून मला विचारलं, "ताई, किन्हवलीला माझं घर बांधायचंय. अशाच भिंती घालून द्याल?"

त्या घराचे आराखडे मी त्याच खोलीत, त्याच आठवड्यात काढायला बसले. आजूबाजूला बायका पापड लाटत होत्या आणि खिडकी कुठे असावी हे मला मोठमोठ्याने सांगत होत्या.