अण्णांच्या वक्तशीरपणाचं कौतुक

माझे यजमान शांत नव्हते. वक्तशीर नव्हते. मितभाषी तर अजिबात नव्हते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

सकाळी आमच्या मराठी संघाचे अध्यक्ष शंकरअण्णा यांचा मेसेज आला. संध्याकाळच्या सभेत वाचायचा मजकूर.
"शांत, वक्तशीर, मितभाषी. कधी कुणाचं मन दुखावलं नाही."

मेसेज उघडते, बंद करते. दूध उतू गेलं, तरी तिथेच उभी.

बारा वर्षांपूर्वी ह्यांनी संघाच्या अंकात अण्णांवर लेख लिहिला होता. अण्णा प्रत्येक मीटिंगला दीड तास उशिरा यायचे. ह्यांनी लिहिलं, "अण्णा वेळेवरच येतात. सभाच दीड तास आधी भरते."

मी सातवी शिकलेली. ह्यांच्या टेबलावरचे कागद वाचत वाचत वाचायला लागले. तेव्हा विचारलं होतं, "राग आहे तर सरळ रागवा. कौतुक कशाला?"

म्हणाले, "शिवी दिली तर तो शिवी देईल. अंगात नाही त्याचं कौतुक केलं, की भांडताही येत नाही. फक्त फार ताणायचं नाही. स्वल्प, थोडं कमीच."

अण्णांनी तो लेख फ्रेम करून संघाच्या ऑफिसात लावला.
सगळे हसले. हेही हसले.

शेवटच्या आजारपणात मात्र हसेनात. अण्णा लांब यशवंतपूरहून रोज डबा घेऊन हॉस्पिटलात यायचे. अगदी वेळेवर.

"त्याला लेखातलं कळलं असेल का गं?"
"विचारा की."
"कुठल्या तोंडानं?"

विचारायचं राहिलंच. तो प्रश्न वर्षभर माझ्याकडे आहे.

शेवटी आज फोन लावला.
"अण्णा, हे मनापासून लिहिलंय की टोमणा आहे?"

अण्णा म्हणाले, "अक्का, बारा वर्षांनी उत्तर दिलंय. त्याच्यासारखं जमलं का?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या ओळीलाच. बायकोला वाचून दाखवला, दोघं पोट धरून हसलो. फ्रेम उगाच केली? एवढं निरखून माझ्याकडे कुणी बघितलं होतं?"

"मग ह्यांना सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर दुसरा लेख लिहिला असता त्यानं."

अहो, ऐकलंत?
कळलं होतं अण्णांना. रागावले नव्हते.

मजकुरातला एक शब्दही बदलू नका म्हणून सांगितलंय. पहिल्या रांगेत बसणार आहे मी. हसू आलं तर हसणार.

श्रद्धांजली अण्णा वाहतील.
माझा नुसता नमस्कार.