मामीच्या मापाची पिशवी

माझा मामा टेकडीवरची दुपारची तोफ उडवायचा. बरोबर बाराला. सगळं गाव त्या आवाजावर घड्याळं लावायचं. जन्मभर दारूत हात, पण थेंब कधी घेतला नाही, असं मामी येईल त्याला सांगायची.

दारू तोफेत जायची ती सुती पिशवीतून. पितळी पेल्याने मोजायची, पिशवीत भरायची, तोंड बांधायचं. पिशव्या मामी शिवायची, खिडकीशी बसून, तीस वर्षं एकाच मापाच्या. बाराला काचा थरथरायच्या आणि धुराचा पांढरा गोळा टेकडीवरून हळूहळू आभाळात सरकायचा. मामी सुई थांबवून बघत राहायची. तो विरेपर्यंत तिला हाक ऐकू जायची नाही. तेवढा वेळ ती कुठे असायची, कोण जाणे.

पुढे मामाची नजर अधू झाली. पेल्यातली खूण दिसेना. सांगायची लाज, म्हणून त्याने गुपचूप तराजू आणला, पेलाभर दारूचं वजन करून भिंतीवर लिहून ठेवलं आणि मिशीला पीळ देत म्हणाला, "आता चुकायचा प्रश्नच नाही." मामा हुशारच होता, पण स्वतःची हुशारी त्याला जरा जास्तच आवडायची.

महिन्याभराने दुसऱ्या कारखान्याची दारू आली. मामाने भिंतीवरचं वजन बघून तेवढीच काढली. ढीग झाला दीडपट, पिशवीत मावेना. तो तसाच सकाळी घरी आला.

"अगं, मोठी पिशवी शिवून दे. नवी दारू हलकी आहे."

"नाही शिवणार."

"का? वजन तेच आहे."

"मागे उशीत नवा पिंजलेला कापूस जुन्याच वजनाने कोंबला, तर शिवण उसवली. तेव्हाही वजन तेच होतं. या पिशवीत मावेल तेवढीच भरा."

"तुला दारूतलं काय कळतं?"

मामीने दोरा तोडला आणि जुनीच पिशवी त्याच्या हातात ठेवली.

मामा धुसफुसत टेकडी चढला. तिला खोटं पाडायचं म्हणून त्याने नव्या दारूच्या डब्यावरचा कागद भिंगाखाली धरला. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ही दारू वजनाला हलकी, पण जोराला जास्त; जुन्याच मापाने भरावी, वजनाने नाही, वजनाने भरल्यास तोफ फुटेल. मामाने वजन करून काढलेली दारू परत डब्यात ओतली. मग मामीच्या पिशवीत मावेल तेवढीच भरून तोंड बांधलं.

बाराला नेहमीचाच आवाज झाला. गोळा सरकला, मामी बघत राहिली.

मामा जेवायला आला, पण घास हातातच राहिला. "तुला कसं कळलं गं?"

"मला कुठे काय कळतं," मामी म्हणाली. "तीस वर्षं एवढ्या पिशवीने तुम्ही रोज घरी परत येताय. मी मोठी कशाला शिवू?"

मामा उठला आणि तिच्या सुईत दोरा ओवून द्यायला बसला. त्याला भोक दिसत नव्हतं. मामी सुई मागत नव्हती, म्हणून मीही मध्ये पडले नाही.