उजवीकडची खुर्ची

कॅप्टनांची विमानकंपनी बुडाली, ही बातमी कॅप्टनांच्या आधी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंना कळली. कंपनीतल्या हवाई सुंदऱ्या त्यांच्याकडे गणवेश आखूड-लांब करायला टाकत. त्या दिवशी सकाळीच दोघीतिघी आल्या आणि "राहू दे आता, तसेच दे," म्हणून कपडे उचलून गेल्या. शिंपीणबाईंनी सुई बाजूला ठेवली, दोन आणि दोन चार केले आणि जिन्यातच कॅप्टनांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, गाठलं.

"साहेब घरीच का आज? नाही, आपलं सहज."

सहज विचारलेल्या प्रश्नासाठी माणूस इतक्या पायऱ्या चढून येत नाही, हे वहिनींना कळत होतं. त्या घरात गेल्या, नवऱ्याला फोन बघायला लावला, आणि बाहेर शिंपीणबाईंना जे हवं होतं ते दाराच्या आवाजावरून समजलं.

आता नोकरी कुणाची जात नाही? पण कॅप्टन या देशाचे नव्हते. ते इथे वर्क परमिटवर होते, आणि परमिटवर त्यांच्या नावाखाली कंपनीचं नाव होतं. कंपनी आहे तोवर कॅप्टन. कंपनी गेली की कॅप्टन म्हणजे विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावर राहिलेली बॅग. गोल गोल फिरतेय, सगळे बघतायत, उचलत कुणी नाही. परमिट कचेरीतल्या बाईंनी काचेआडून सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत नवीन मालकाचा अर्ज आला तर राहाल. नाही आला तर निघायचं." सांगताना त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. आणि घरी मुलगी शाळेच्या शेवटच्या परीक्षेला बसलेली. वर्ष अर्धवट टाकून देश बदलला की दुसरीकडे पुन्हा पहिल्या बाकापासून सुरुवात. ती काही बोलत नव्हती, नुसती अभ्यास करत होती, आणि ते तर आणखी वाईट. ओरडणाऱ्या पोरीला गप्प करता येतं, गप्प पोरीला काय करणार?

कॅप्टन दारोदार फिरले. मोठ्या कंपन्यांत सांगितलं गेलं, आधी आमच्या देशातले पायलट, मग बाकीचे. लहान कंपन्यांत सांगितलं गेलं, तुमचा अनुभव फार आहे हो. अनुभव फार आहे म्हणून नकार देणं म्हणजे मुलगी फारच देखणी आहे म्हणून स्थळ नाकारण्यासारखं. पण नकार तो नकार. सगळीकडे कॅप्टन "हो साहेब, बरं साहेब, उद्या येतो साहेब" करत राहिले. ज्या माणसाच्या एका शब्दावर दीडशे माणसं पट्टे आवळून बसायची, तो माणूस आता लिफ्टवाल्यालासुद्धा "साहेब" म्हणायला लागला. लिफ्टवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं म्हणे.

मग एका सामान वाहणाऱ्या कंपनीकडून फोन आला. औषधं, फुलं, टपाल नेणारी, पंख्यांची छोटी विमानं. त्यांचा एक कोपायलट अचानक सोडून गेला होता. लगेच रुजू होणारा हवा होता, परमिटचा अर्ज कंपनी करणार होती. फक्त एक अडचण. जागा कोपायलटची. म्हणजे उजवीकडची खुर्ची. कॅप्टनांनी वर्षानुवर्षं डावीकडे बसून विमान चालवलेलं.

"दाजी, आकाश तेच ना? नुसती खिडकी बदलली," मेहुणा फोनवर म्हणाला. मेहुण्याचं फटाक्यांचं दुकान होतं, त्याला धोक्याचं काही वाटत नसे.

वहिनींनी मात्र प्रकरण हातात घेतलं. त्यांना नवऱ्याचा स्वभाव माहीत. रिक्षात बसला तरी रिक्षावाल्याला वळण कधी घ्यायचं ते सांगणारा माणूस. "तिथे कप्तानगिरी करायची नाही," त्यांनी बजावलं. "तिथली मुख्य कॅप्टन बाई आहे, तुमच्याहून धाकटी आहे, चौकशी केलीय मी. पुरुषांची इथेच माती होते. ती बोलेल ते ऐकायचं. मान खाली, आवाज खाली." आणि मग जेवणाच्या टेबलावर तालीम. वहिनी झाल्या मुख्य कॅप्टन, चमचा झाला विमानाचा दांडा.

"मी चुकले तर काय म्हणाल?"

"मॅडम, तुम्ही चुकताय."

"झालं! घालवली नोकरी. म्हणायचं, मॅडम, माझ्या मते कदाचित आपण जरा..."

"बाबा, तुम्ही हॉटेलातल्या वेटरसारखे बोलताय," मुलगी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली. त्या घरात कित्येक दिवसांनी हसण्याचा आवाज झाला, म्हणून कुणी तिला रागावलं नाही.

परीक्षा होती सिम्युलेटरमध्ये. सिम्युलेटर म्हणजे गोदामामागच्या उंच हॉलमध्ये लोखंडी पायांवर उभी केलेली विमानाची नुसती मुंडी. आत बसलं की ढग दिसतात, धावपट्टी दिसते, खुर्ची हलते, घामही खरा येतो. मुख्य कॅप्टन दारात उभ्या होत्या. कापलेले केस, हातात कॉफीचा कागदी कप. पायलट लोक पाठीमागे त्यांना "कात्री" म्हणत, कारण परीक्षेला आलेले निम्मे उमेदवार त्या छाटायच्या.

कॅप्टन आत शिरले, "नमस्कार मॅडम" म्हणाले आणि थेट डावीकडच्या खुर्चीत बसून पट्टा लावायला लागले.

"ती माझी," कात्री म्हणाली.

कॅप्टन असे उठले की डोकं छताच्या बटणांवर आपटलं. "माफ करा मॅडम. सवय." उजवीकडे बसले. सगळं उलटं. इतकी वर्षं डावा हात दांड्यावर आणि उजवा इंजिनाच्या लिव्हरवर. आता उजवा दांड्यावर, डावा लिव्हरवर. आरशात बघून दाढी करता येते. आरशातल्या माणसाने आपली दाढी करायची म्हटलं तर कसं होईल, तसं झालं.

सुरुवात ठीक गेली. मग मागे बसलेल्या यंत्रवाल्याने ढग लावले. विमान कात्री चालवत होती, उतरायला निघालेलं, बाहेर नुसता पांढरा कापूस. अशा वेळी कोपायलटचं काम एकच, काट्यांवर नजर ठेवायची आणि तोंड उघडं ठेवायचं. विमान ठरल्या उताराच्या खाली गेलं तर सांगायचं. ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं. तरी उत्तर नाही आलं तर "कंट्रोल माझ्याकडे" म्हणून विमान आपल्या हातात घ्यायचं, मग शेजारी कॅप्टन असो की कॅप्टनांचे तीर्थरूप. हे कॅप्टनांनी स्वतः कितीतरी कोपायलटांना शिकवलेलं. दमात घेऊन.

काटा खाली सरकला.

"मॅडम, माझ्या मते आपण जरा खाली आहोत," कॅप्टन म्हणाले.

कात्री गप्प. काटा आणखी खाली. कॅप्टनांनी तिरक्या नजरेने तिच्याकडे पाहिलं. ही आपली नम्रता तपासतेय का? दुसऱ्यांदा बोललो तर उर्मट वाटेल का? परमिटच्या बाई, पेन्सिलीचं टोक, पुस्तकात घुसलेली पोर, सगळं त्या पांढऱ्या कापसात दिसायला लागलं. फक्त धावपट्टी दिसेना.

"मॅडम... थोडं अजून..."

कात्री पुतळ्यासारखी. आणि यंत्र ओरडायला लागलं, जमीन, जमीन! तेव्हा कुठे कॅप्टन ओरडले, "कंट्रोल माझ्याकडे!" आणि जोर देण्यासाठी उजवा हात लिव्हरवर टाकला. तिथे लिव्हर नव्हता, खिडकी होती. हात खिडकीवर आपटला. डावा हात पोचेपर्यंत समोरचा पडदा लाल झाला आणि विमानाची मुंडी एका गचक्यात थांबली.

दिवे लागले. "आपण दोघंही मेलो," कात्री म्हणाली आणि उरलेली कॉफी प्यायली. "मी बेशुद्ध पडल्याचं सोंग केलं होतं. परीक्षेत असं सोंग करतात हे तुम्हाला माहीत नाही, असं मला सांगू नका. तुमचं वय काय, अनुभव काय! उशीर का केलात?"

खोटं बोलायला तालीम लागते, आणि तालमीत हा प्रश्न नव्हता. "तुम्हाला घाबरलो," कॅप्टन म्हणाले. "मला ही नोकरी हवीय. तुम्ही नाराज झालात तर मिळणार नाही, असं वाटलं."

"मी नाराज झाले तर नोकरी जाते. मी बेशुद्ध झाले तर?"

कॅप्टन पट्टा सोडायला लागले.

"एक कसरत एकदाच पुन्हा घेता येते," ती उठत म्हणाली. "हात धुऊन या. पाणी प्या. मग बसू."

कॅप्टन स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. बायकोला फोन लावला आणि ती उचलायच्या आत बंद केला. ती पुन्हा मान खाली म्हणाली असती तर? आणि कप्तानगिरी करा म्हणाली असती तर? दोन्हींची भीती वाटली. परत येऊन बसले तेव्हा डावा हात त्यांनी आधीच लिव्हरजवळ ठेवला, आणि उजवा दांड्याजवळ. लहान मूल नाव विसरू नये म्हणून पुटपुटतं, तसे ते पुटपुटत होते, डावा जोर, उजवा दांडा.

पुन्हा ढग. पुन्हा काटा खाली.

"उताराच्या खाली," कॅप्टन म्हणाले. मॅडम नाही, माझ्या मते नाही.

"दिसतंय मला," कात्री म्हणाली.

कॅप्टन चरकले. या वेळी ही बोलत होती. बेशुद्ध माणसाकडून विमान घेणं सोपं, त्याला राग येत नाही.

"अजून खाली जातोय. वर घ्या."

"इथे कॅप्टन मी आहे. गप्प बसा," ती म्हणाली, आणि आवाज असा की मागे यंत्रवाला ताठ झाला. "तुमच्या जुन्या कंपनीत असं चालत असेल. म्हणूनच बुडाली ती."

कॅप्टनांच्या कानशिलांत धग उठली. नोकरी गेली, हे त्यांना तिथेच कळलं, आणि ती गेल्यावर एकदम हात हलके झाले.

"कंट्रोल माझ्याकडे."

"मी सोडणार नाही!"

"मग खाली उतरल्यावर भांडा!" कॅप्टन ओरडले. डाव्या हाताने इंजिनांना पूर्ण जोर दिला, उजव्याने दांडा ओढला. तिचे हात दांड्यावर होते. ते त्यांना जाणवले, आणि मग सुटलेले जाणवले. ढग पातळ झाले, काटे एकेक करून जागेवर आले, विमान चढत राहिलं. चाकं वर घ्यायची राहिली होती. ती तिने घेतली.

बाहेर आल्यावर ती कंपनीच्या कचेरीकडे चालायला लागली. कॅप्टन मागोमाग, दोन पावलं अंतर ठेवून. तिने आतल्या कारकुनाला तुटकपणे सांगितलं, "यांचा परमिटचा अर्ज आजच पाठवा. सोमवारपासून माझ्याबरोबर," आणि कॅप्टनांकडे न बघताच आत निघून गेली. दार लागलं. जरा जोरात लागलं, की दारच तसं होतं?

कॅप्टनांनी रस्त्यावर येऊन फोन लावला. "अर्ज जातोय," ते म्हणाले. पलीकडे वहिनी रडल्या, मग नाक ओढलं, मग बायकोच त्या, मूळ मुद्द्यावर आल्या.

"आणि त्या बाई? खूश होत्या ना?"

"चिडल्या होत्या."

"खऱ्या की परीक्षेपुरत्या?"

"तेच कळत नाहीय," कॅप्टन म्हणाले. "सोमवारी त्यांच्याच शेजारी बसायचंय."