साहेबांच्या कंबरेतली माया

माझी मावशी शिंपीण आहे, आणि डूख धरण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तोंडात टाचण्या असल्या की ती बोलत नाही, आणि टाचण्या काढल्या की समोरच्याला बोलू देत नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दोन मशिनं, एक उभा आरसा आणि कपडे बदलायला पडद्यामागे हातभर जागा. मी तिथेच काजं-बटणं करते. तिने शिवलेलं अंगावर बसतं, म्हणून बडी माणसंही गल्लीची घाण तुडवत येतात. आमदारसाहेब त्यातलेच, सभागृहाच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष.

माझी आई म्हणजे मावशीची धाकटी बहीण. अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. तिचं पोट फुगायचं, दोन घासांत भरायचं, सारखं लघवीला जावं लागायचं. पहिला डॉक्टर म्हणाला, गॅस. दुसरी म्हणाली, पाळी जायचं वय. शेजारणी म्हणाल्या, पोट सुटलंय, चालायला जा. आई बिचारी रोज सकाळी चालायला जायची. दुखण्याचं खरं नाव कळलं तोवर ते पोटभर पसरलं होतं.

ती गेल्यावर मावशी अशाच घरांतल्या बायकांबरोबर समितीपुढे गेली. मागणं साधं होतं. या रोगावरच्या संशोधनाला निधी द्या, आणि बायकांना, डॉक्टरांना त्याची लक्षणं वेळेवर कळतील अशी काही सोय करा. साहेबांनी शेजारच्या सदस्याकडे बघून डोळा मारला. म्हणाले, "बायकांची पोटं सुटली की सरकारनं तिजोरी सोडायची होय?" सगळी समिती खो खो हसली आणि विषय पुढच्या वर्षावर गेला. समोरच्या बायकांत आपली शिंपीण बसलीय हे साहेबांच्या लक्षातही आलं नाही. मावशी घरी येऊन रडली नाही. "बघतेच याच्याकडे," एवढंच म्हणाली.

साहेबांचे कपडे दर काही दिवसांनी आमच्याकडे यायचेच. कुठे शिवण उसवलेली, कुठे बटण गेलेलं. आता, शिवताना आतल्या बाजूला जास्तीचं कापड राखतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माणूस सुटला की माया सोडायची, कपडा पुन्हा अंगाला येतो. मावशीने उलटं केलं. प्रत्येक पँटची कंबर उसवली, जराशी आत घेतली, टीप मारली, इस्त्री फिरवली. पुढच्या खेपेला आणखी जराशी.

"मावशी, गिऱ्हाईक जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे गं. आधी त्याची झोप जाऊ दे."

मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

साहेबांचा ड्रायव्हर कपड्यांबरोबर बातम्याही आणायचा. साहेबांनी रात्रीचं जेवण सोडलं. काट्यावर वजन तेवढंच आणि पोट मात्र वाढतंय, म्हणून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मग मोठ्या हॉस्पिटलात एका दिवसात रक्त, सोनोग्राफी, स्कॅन, झाडून सगळं झालं. त्यांना कुणी गॅस म्हटलं नाही. माझी आई सोनोग्राफीसाठी महिनोन्‌महिने ताटकळली, आणि या ढेरीसाठी बडे बडे डॉक्टर धावत आले! ऐकताना सुई माझ्या बोटात घुसली, तरी मी शिवत राहिले.

शेवटी साहेब स्वतः दुकानात आले. चेहरा पार उतरलेला.

"बाई, कंबर जरा सोडा हो. पोट फुगतंय माझं. रिपोर्टांत काही येत नाही, पण आत काहीतरी आहे."

मावशीने त्यांना आरशापुढे उभं केलं, कंबरेला टेप लावली आणि एकेक टाचणी तोंडातून काढली.

"फुगतंय कुठलं साहेब, सुटलं असेल. चालायला जा."

साहेब आरशातून तिच्याकडे बघायला लागले.

"तुमचं पोट होतं तेवढंच आहे. कंबर मी आत घेतली. फुगलं होतं माझ्या बहिणीचं, मेली ती. तुमच्या समितीपुढे तेच सांगायला आले होते, तर तुम्ही हसलात. मग माझ्याकडेही तुमच्यासाठी माया उरली नाही."

"पोलिसात देईन तुला!"

"द्या की. सांगा, शिंपिणीनं पँट घट्ट केली म्हणून मी अख्खं हॉस्पिटल कामाला लावलं. मी येते साक्षीला, पँट घेऊन."

साहेब पडद्यामागे गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा आवाज खाली आला होता.

"काय पाहिजे तुला?"

"माझी बहीण. ती देता येत नसेल तर निधी."

अधिवेशनात निधी मंजूर झाला. संशोधनालाही आणि लक्षणांच्या प्रचारालाही. आम्ही वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलो होतो. साहेब उभे राहिले, गळा दाटल्यासारखा करून म्हणाले, "आमच्या शिंपीणताईंनी माझे डोळे उघडले." खाली बाकं वाजली. शेजारच्या बाईने मावशीला मिठी मारली. मावशीने ती सोडवली आणि कठड्याशी जाऊन भरल्या सभागृहात ओरडली, "ताई म्हणू नकोस मला! मला ताई म्हणणारी एकच होती, आणि तिच्या मरणाला तू हसलास!"

बाकं वाजायची थांबली. शिपाई धावले, त्यांनी तिचे दंड धरले, पण ती कठडा सोडेना. साहेबांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं, तेव्हाच तिने तो सोडला.