लाल पडद्यावरचं गाणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अख्ख्या मोखाड्याला ठाऊक — खोडाळ्याच्या लग्नातली रुसवाफुगवी बाजारात पोचते ती माझ्याच तोंडून, वर दोन नकलांसकट. पण हे एवढं एक गिळून बसलोय.

माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान. तिथं सुनंदा एडिटिंग शिकायला आली. शिकवलं मीच. दोन वर्षांत लोक मला ओलांडून विचारू लागले, "ताई आहे का?" मी काय तिथं कॅमेऱ्याचा स्टँड म्हणून उभा होतो?

तिची मावशी धवलेरी — गाणी म्हणून लग्न लावणारी. ती गाणी कुठं लिहिलेली नाहीत. सुनंदानं वर्षभर तिला शूट केलं. मग मावशी वारली.

एका दुपारी सुनंदानं मला थोडं एडिट दाखवलं. मावशी गाता गाता थांबते, श्वास घेते, पुढं गाते. तो श्वास मी कापून टाकला असता. तिनं ठेवला होता. वीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं — कळतंय का, काय जळालं ते?

प्रोजेक्ट तिच्या लॅपटॉपवर, पण सगळं शूटिंग एका हार्डडिस्कवर. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नांसाठी पुसलेली. दुसरी कॉपी करायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं. विश्वासानं.

मी म्हणालो, डिस्क हातातून पडली. ठाण्याला दुरुस्तीवाल्याकडे दाखवून आणली, काही निघत नाही. ठाण्याला कोण गेलं होतं? आणि रडलो काय — असा नट तालुक्यात नाही. शेवटी तिनंच मला चहा करून दिला. "दादा, मशीनच ती. जिवाला नका लावून घेऊ."

डिस्क माझ्या घरी आहे. नागलीच्या डब्यात, धडधाकट. मी ती लावतो. बघतो. पुन्हा पुरतो.

परवा सुनंदानं तो जुना प्रोजेक्ट उघडला होता. शूटिंग सापडत नाही म्हणून पडदा नुसता लाल, आवाज नाही. त्या लाल पडद्याकडे बघत ती मावशीचं गाणं म्हणत होती. मध्येच थांबली.

"इथं मावशी श्वास घ्यायची," ती म्हणाली. "पुढचं येत नाही, दादा."

मला येतं. पाठ आहे.

मी हातातला चहा संपवला आणि कप विसळून ठेवला.