खालचा सा

काल इथं मस्कतमध्ये मालकिणीच्या टीव्हीवर ते जुनं फ्रेंच लोकगीत लागलं आणि पोळी लाटता लाटता माझा हात थांबला. आमच्या शिरूरच्या चर्चमध्ये आम्ही ते चार आवाजांत बसवत होतो. माझी शाळा सातवीतच सुटलेली, ते परके शब्द काही जिभेवर बसेनात.

"बाई, मला काढून टाका," मी रडवेली होऊन म्हणाले.

गाणं बसवणाऱ्या मार्थाबाई म्हणाल्या, "काढू कशाला? तोंड मिटून खालचा सा धरून ठेव की!"

माझ्यासाठी त्यांनी मांडणीच बदलली. तेव्हा मला ती दया वाटली. आता कळतं, सुराचा केवढा तयार कान होता त्यांचा! त्या रविवारी चर्चमध्ये गाताना मी श्वासासाठी थांबले, तर गाणं एकदम पोकळ झालं. पुढच्या ओळीतली रूथमावशी मागं वळून कुजबुजली, "सोडू नगं गं, आम्ही पडतोय!"