उतारावरचा दांडा

तुळशीराम मिस्त्रींकडे कुणी बिघडलेलं यंत्र घेऊन आलं की काय बिघडलंय हे ते कधीच विचारत नसत. मालकालाच म्हणत, "चालवून दाखवा." मग तो बिचारा खोकणारा फवारणीचा पंप सुरू करायच्या खटपटीला लागे आणि मिस्त्री बाजूला उकिडवे बसून बघत राहत. यंत्राकडे नव्हे, त्याच्या हातांकडे. शिरड शहापूरला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. माझी स्कूटी घेऊन मी पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा मलाही हेच करावं लागलं. दोन फेऱ्या मारून आले तर म्हणाले, "गाडी चांगली हाय, सिस्टर. तुमी सारखा बिरेक धरून चालवून राहिल्या." मला राग आला. पण 'नीट चालवत जा' असं काही त्यांनी सुनावलं नाही. ब्रेकची मूठ माझ्या बोटांपासून जराशी लांब सरकवून दिली आणि गाडीची तक्रार संपली.

मी आरोग्य उपकेंद्रातली नर्स. माझ्याकडच्या गावांपैकी एक वाडी धरणाच्या फुगवट्यापलीकडे आहे. उन्हाळ्यात तिथं चालत जाता येतं. पावसाळ्यात मध्ये पाणी पसरतं आणि पाण्याच्या दोन्ही काठांना काळ्या मातीचा चिखल होतो. त्या चिखलात जीप आसापर्यंत रुतते आणि होडी तर चिखल लागला की तिथंच थांबते. एका श्रावणात वाडीतल्या रुक्मिणीला कळा सुरू झाल्या. होडीतून तिला आणलं, पण काठ शंभर पावलांवर असताना होडी गाळात बसली. चार माणसांनी तिला बाजेवर घेतलं. गुडघाभर चिखलातून ती शंभर पावलं चालायला त्यांना किती वेळ लागला ते मला सांगवत नाही. बाळ गेलं. वाडीत मोटार दुरुस्तीला आलेले मिस्त्री त्या चौघांत होते.

त्यानंतर बरेच दिवस गेले. मग एकदा मला बोलावून त्यांनी शेडच्या फरशीवर खडूने एक चित्र काढलं. लोखंडी पत्र्याची होडी आणि तिला सहा चाकं, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. चाकं मोठी आणि मऊ. चिखलात ती रुतायची नाहीत आणि पाण्यात वल्ह्यांचं काम करायची. या गाडीला स्टिअरिंग नव्हतं. डावीकडे वळायचं तर डावी तीन चाकं थांबवायची, उजवी तीन ढकलतात, गाडी जागच्या जागी वळते. दोन बाजूंना दोन दांडे, बस्स. हे ऐकायला जेवढं सोपं होतं तेवढं मला समजलं. अवघड होतं ते मधलं: एकाच इंजिनाचा जोर दोन बाजूंना वाटून कसा द्यायचा.

पहिल्यांदा त्यांनी भंगारातल्या मालवाहू रिक्षाचं डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडच्या चाकांना जोर वाटून देणारी गिअरची पेटी, बसवलं आणि दोन्ही बाजूंना ब्रेक लावले. मोकळ्या रानात गाडी झकास वळली. पण पाण्यातून वर चढताना डावी चाकं काठाला लागली, उजवी अजून तरंगत होती, आणि सगळा जोर त्या तरंगणाऱ्या चाकांकडे पळाला. ती नुसती पाणी उडवत राहिली आणि गाडी तसूभर हलेना. अर्धं गाव भिजलं. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी ते काढून कोपऱ्यात ठेवलं.

पुण्यात इंजिनिअर झालेला माझा भाचा तेव्हा आला होता. त्याने ऐटीत सल्ला दिला की दोन्ही बाजूंना हायड्रॉलिक पंप बसवा, लोडरला असतात तसे. एक बाजू पुढे, एक बाजू मागे, एका बोटाने गाडी फिरेल. मिस्त्रींनी अगदी विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. कुणीही काही सुचवलं की ते हेच विचारत.

"बराबर हाय. पण कोणासाठी?"

भाचा गोंधळला. मिस्त्रींनी त्याला समजावलं की पाण्याच्या मधोमध पंपाची तेलाची नळी फुटली तर गाडीत एक अडलेली बाई असेल आणि एक सिस्टर. जे चिखलात बसून एका पान्ह्याने खोलता येत नाही ते त्यांच्या कामाचं नाही. भाचा त्या दिवसापासून मिस्त्रींना 'सर' म्हणू लागला. मला आजवर मावशीच म्हणतो, तीही अर्ध्या तोंडाने.

शेवटी पसंती पडली पॉवर टिलरच्या गिअरबॉक्सला. आमच्याकडे हळदीच्या रानात टिलर पुष्कळ, मागून चालत दोन दांड्यांनी हाकायचं मशागतीचं यंत्र. त्यात प्रत्येक बाजूला वेगळा क्लच असतो. दांडा ओढला की त्या बाजूचा जोर सुटतो, उरलेला सगळा दुसऱ्या बाजूला पक्का राहतो, निसटत नाही. काठावर चढायची अडचण मिटली. गावातल्या पाचसहा जणांनी गाडी चालवून बघितली. चिखलातून, पाण्यातून, चढावरून, उतारावरून, कुठंही अडली नाही. रुक्मिण पुन्हा पोटुशी होती आणि याही खेपेला दिवस पावसाळ्यातच भरत होते. तिला आणायचं म्हणजे याच गाडीतून. मृग तोंडावर आला होता आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

तेव्हा मिस्त्री म्हणाले, "आता सिस्टर बसतील."

मी बसले. सपाटीवर छान जमलं आणि मला थोडी घमेंडही चढली. मग काठाचा उतार लागला. समोर उजव्या हाताला बाभळीची खोडं दिसली म्हणून मी डावा दांडा ओढला. गाडी उजवीकडे वळली. मी आणखी जोरात ओढला, ती आणखी उजवीकडे गेली आणि खोडावर आदळली. पत्रा आत गेला, माझा गुडघा फुटला.

लोक हसले. त्यांनी मला जे सांगितलं ते टिलर चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने पळत असते आणि इंजिन तिला मागे धरत असतं. ज्या बाजूचा क्लच सोडाल ती बाजू मोकळी होऊन पुढे धावते आणि गाडी उलटीकडे वळते. म्हणून उतारावर दांडा उलटा ओढायचा. हे त्यांच्या हातांत इतकं मुरलेलं होतं की चाचणीत एकालाही त्याची आठवण झाली नाही. सगळे नकळत उलटाच दांडा ओढत होते. होईल सवय, असं एक जण मला म्हणाला. मलाही ते पटलं. चूक माझीच होती.

मिस्त्री हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत होते. माझी मूठ अजून डाव्या दांड्यावरच आवळलेली होती.

"सिस्टरची चूक न्हाई," ते म्हणाले. "घाबरलेल्या माणसाचा हात जिकडं जायचं तिकडंच जातो. म्या टिलरवाल्यासाठी गाडी केली. आमी सगळे टिलरवाले, आमाला कसं कळंल?"

आणि त्यांनी गाडी पुन्हा खोलली. पाऊस दोन आठवड्यांवर असताना, चालती गाडी. लोक चिडले. हातातोंडाशी आलेलं काम बिघडवून राहिले, असं त्यांच्या तोंडावर बोलले. मीही विनवलं की मी शिकते, रोज येऊन उतारावर सराव करते. त्यांनी ऐकलं नाही. कोपऱ्यात टाकलेल्या रिक्षाच्या सामानातले ब्रेकचे ड्रम काढून त्यांनी गिअरबॉक्सच्या दोन्ही बाजूंना बसवले. आता दांडा थोडा ओढला की क्लच सुटायचा आणि आणखी ओढला की त्याच बाजूचा ब्रेक लागायचा. मोकळी सुटलेली बाजू पुढे धावूच शकत नव्हती. चढ असो, उतार असो, पाणी असो, डावा दांडा ओढला की गाडी डावीकडेच जाणार. तेरा दिवस ते घरी फक्त जेवायला गेले.

श्रावणात रुक्मिणीला दिवस भरायच्या आठवडाभर आधी अलीकडे आणायचं ठरलं होतं. कळा त्याच्याही आधी सुरू झाल्या. मिस्त्री त्या सकाळी औंढ्याला गेले होते, फोन लागेना. मीच गाडी काढली. जाताना ठीक होतं. येताना वाडीच्या बाजूच्या उतारावर रुक्मिण किंचाळली आणि मी मागे वळून पाहिलं. पुढे पाहते तो डाव्या हाताला दगडी बांध आलेला. मी विचार केलाच नाही. उजवा दांडा ओढला आणि गाडी उजवीकडे वळली. पाणी ओलांडलं, चिखल ओलांडला आणि थेट डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेपाशी थांबले. दुपारी मुलगी झाली, चांगली रडणारी.

संध्याकाळी मिस्त्री दवाखान्याच्या दाराशी आले. आत यायला तयार नव्हते, कपडे ग्रीसने माखले होते म्हणून. मी मुलीला बाहेर आणलं. त्यांनी तिला हात लावला नाही, नुसतं बघत राहिले. इतका आनंदी माणूस मी त्यानंतर पाहिलेला नाही.

मागच्या उन्हाळ्यात कावीळ झाली आणि मिस्त्री गेले. त्यानंतर चार महिन्यांनी माझी सेनगावकडे बदली झाली. माझ्या जागी आलेली मुलगी नांदेडची, नोकरीत नवी, चिखलाचं नाव काढलं तरी बावरणारी. कपाटं, नोंदवह्या, लशींचे डबे सगळं तिच्या ताब्यात दिलं आणि शेवटी तिला गाडीत बसवलं. सपाटीवर दोन फेऱ्या झाल्या. मग ती उतारावर गेली, खाली पाणी बघून घाबरली आणि झटकन डावा दांडा ओढला. गाडी डावीकडे वळून शहाण्यासारखी पाण्यात उतरली.

परत आल्यावर तिने विचारलं, "ताई, उतारावर काही वेगळं करावं लागतं का? ते आधीच सांगून ठेवा."

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच वेगळं करावं लागत नाही."

एवढं बोलले आणि मला रडूच कोसळलं. तिला वाटलं, मी बदलीमुळे रडतेय.